बिर्लानगरहून बाड्याकडे

ग्वाल्हेर, मंगळवार

ती. बाबांस,


आज किल्ला बाजूला ठेवला आणि सकाळीच बिर्लानगर स्टेशनवर जाऊन बसलो. तुमची सगळी नोकरी एसटीच्या नियंत्रण कक्षात गेली. म्हणून गाडीतून उतरलेला माणूस पुढे कसा जातो, हे पहिल्यांदा तुम्हालाच कळवावंसं वाटलं.

ग्वाल्हेरहून आग्र्याकडे निघालं की लगेच हे स्टेशन लागतं. जियाजीराव कॉटन मिलच्या जिवावर ही वस्ती उभी राहिली. गिरणी बंद पडून तीन दशकं झाली, पण स्टेशनची वर्दळ टिकून आहे, कारण भिंड-इटाव्याचा फाटा इथूनच फुटतो. त्या वाटेवर मालनपूरचे कारखाने. त्यामुळे डबे घेऊन तिकडे निघालेले कामगार आणि भिंडकडून शहरात येणारी माणसं सकाळी एकाच फलाटावर भेटतात. भिंडची गाडी थांबताच एका दूधवाल्याने खिडकीच्या गजाला आकड्याने अडकवलेले कॅन भराभर सोडवले. शेवटचा हातात आला आणि गाडी हललीच.

बाहेर सामायिक टेम्पो आणि ई-रिक्षा. ‘हजीरा, पडाव, बाडा’ असा पुकारा चालू. हजीऱ्याला तानसेनची समाधी आहे, पण सकाळी तिकडे बघायला कोणाला सवड नसते. भिंडहून आलेल्या एक आजी जयारोग्य रुग्णालयाचे कागद छातीशी धरून टेम्पोत बसल्या होत्या. टेम्पो भरेपर्यंत हलणार नव्हता. गाडीची वेळ स्टेशनातल्या फलकावर लिहिलेली, टेम्पोची कुठेच नाही. बाबा, मध्य प्रदेशने आपलं परिवहन महामंडळ 2005 मध्ये गुंडाळलं. ‘इटावा गाडी आल्याशिवाय बस सोडू नका’ असं सांगणारा तुमच्यासारखा माणूस इथे हवा होता, असं फार वाटलं.

गुरुवार

जयविलास महालात जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहिली. पण मला मोह आहे तो ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांच्या खऱ्या छोट्या रेल्वेचा. दोन फुटी रुळांवरून ती जवळपास 200 किलोमीटर, थेट श्योपुरापर्यंत जायची. मार्च 2020 मध्ये थांबली ती कायमचीच. लष्कर भागात राहणाऱ्या मावशी सांगतात, घोसीपुरा स्टेशन अगदी वस्तीत होतं, माणूस चालत जाऊन गाडी पकडायचा.

आता रुंद रुळांवरून सुमावली-जौऱ्याकडे मेमू धावते, पण ती बिर्लानगर, रायरूच्या अंगाने बाहेरून जाते. श्योपूरला पोचायला अख्खा दिवस लागायचा, म्हणून रूळ बदलणं गरजेचंच होतं, यात मला शंका नाही. पण घोसीपुऱ्याच्या माणसाला आता गाडीसाठी आधी टेम्पो शोधावा लागतो. नवी लाइन आखताना गाडीच्या वेळेशी जुळणाऱ्या चार बस तेव्हाच ठरवायला हव्या होत्या. रुळांच्या मानाने त्याला खर्च तो काय?

परवा मेमूने जौऱ्याला जातो. 1972 मध्ये चंबळच्या बागींनी, म्हणजे दरोडेखोरांनी, जयप्रकाश नारायण यांच्यापुढे बंदुका ठेवल्या, तो गांधी आश्रम तिथे आहे. तिथल्या स्टेशनबाहेर काय वाहन मिळतं, तेही कळवतो. आईला नमस्कार सांगा.

आपला,
श्रीधर