चष्म्याच्या काचेवरचा ह

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला आमच्या क्वार्टरला लागूनच चाचांचं क्वार्टर होतं. फॅक्टरीतली पाळी सुटली की ते अंगणात खाट टाकून बसत, आणि मी दप्तर घेऊन त्यांच्याजवळ. एकदा मला प्रश्न पडला. हिंदीच्या पुस्तकात प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला मुलगा ‘हामिद’, आणि परमवीरचक्र मिळालेले ते ‘अब्दुल हमीद’. नाव एकच, की छापणाऱ्याची चूक?

चाचांनी चष्मा काढला आणि काचेवर तोंडाची ऊन वाफ सोडली. “हा ‘ह’ असा म्हणायचा, बेटा.” मी म्हणून पाहिला. आपला ह हसताना सहज निघतो. हा मात्र घशाच्या तळातून, काच ओलावत येतो. आपल्या लिपीत दोघांना मिळून एकच अक्षर.

मग त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर तीन अक्षरं लिहिली : ह, म, द. अरबीत या तिघांची गाठ पडली की स्तुती होते. कुराणाचा पहिला सूरा ‘अल्हम्द’नेच सुरू होतो. स्वर बदलत गेले की त्याच तीन अक्षरांतून एकेक माणूस बाहेर येतो. ज्याची पुन्हा पुन्हा स्तुती होते तो मुहम्मद, स्तुतीला सर्वांत पात्र तो अहमद, ज्याची स्तुती झाली तो महमूद. आमच्या श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांच्या नावात ही अक्षरं आहेत, अहमद निजामशहानं वसवलेल्या शहराच्या जुन्या नावातही होती. मराठी तोंडं कित्येक शतकं ही अक्षरं उच्चारत आली आहेत.

तर छापणाऱ्याची चूक नव्हतीच. हामिद म्हणजे स्तुती करणारा, हमीद म्हणजे स्तुतीला योग्य. काना कुठे आणि वेलांटी कुठे, एवढ्यावर देणारा आणि घेणारा ठरतो. ईदगाहचा हामिद आठवून मला तेव्हा फार आनंद झाला होता. जत्रेतून परतताना आपल्या तीन पैशांच्या चिमट्याची थोरवी तो दोस्तांना किती जिवानं सांगतो! तव्यावर आजी अमीनाची बोटं भाजतात, म्हणून घेतलेला चिमटा. आणि अमीनाच्या जवळचंच ‘आमिना’ हे पैगंबरांच्या आईचं नाव.

‘अब्दुल’वर मात्र चाचा अडून बसत. ‘अब्द’ म्हणजे दास, आणि ‘हमीद’ हे अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक. अब्दुल हमीद म्हणजे त्या स्तुत्याचा दास, आपल्या रामदासासारखंच. नुसतं ‘अब्दुल’ म्हणून हाक मारली की उरतं ‘अमक्याचा दास’. मालकाचं नावच गळून पडतं. मीही कुणाकुणाला अशी अर्धीच हाक मारत होते. त्या संध्याकाळी लाज वाटली.

चाचांची ही भंडाऱ्याची फॅक्टरी १९६४ची. पुढच्याच वर्षी, १० सप्टेंबर १९६५ला, खेमकरण भागात जीपवरच्या तोफेनं पॅटन रणगाडे फोडताना गाझीपूरचा हवालदार अब्दुल हमीद पडला. त्याच वर्षी मिरजोळीच्या हमीद दलवाईंची ‘इंधन’ कादंबरी आली. एकाचा जन्म १९३३चा, दुसऱ्याचा १९३२चा. कोकणातल्या आणि गाझीपूरकडच्या दोन घरांत, वर्षाच्या अंतरानं, पाळण्यात तेच नाव उच्चारलं गेलं. दलवाईंनी पुढे १९७०मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. स्तुती त्यांच्या वाट्याला हयातीत कमीच आली, पण वेलांटी त्यांनी सोडली नाही.

“मग चाचा, बरं कोणतं? हामिद की हमीद?”

त्यांनी काचा कुर्त्याच्या टोकानं पुसल्या, चष्मा चढवला, आणि वहीवरच्या तीन अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिले. “अम्मीनं ज्याला ज्या नावानं हाक मारली ते,” म्हणाले, आणि चाचींनी आतून चहासाठी हाक दिली तसे उठले.