मधला गडी

चतुर्थीला बहिणीकडे आरोंद्यास जायचे, हा आमचा जुना परिपाठ. २०२५ साली गेलो, तेव्हा माजघरात एक नवे दैवत आलेले दिसले. गणपती आले २७ ऑगस्टला आणि प्रो कबड्डीचा बारावा हंगाम सुरू झाला २९ ला! आरती आटोपली की भाचरे वही घेऊन दूरदर्शन-संचापुढे बसत. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंतून सात गडी निवडायचे; त्यांनी मिळवलेले गुण आपल्या संघाच्या नावे जमा. पैशाचा संबंध नाही. तसल्या खेळांवर त्याच महिन्यात संसदेने बंदीचा कायदा केला होता. इथे हरणाऱ्याने नारळ सोलायचे, एवढेच.

बँकेत ३६ वर्षे खाती लिहिलेला मी. जमाखर्च माझ्याकडेच आला. नवख्या गड्याचे मोल कसे करावे, याचा मी लगोलग सिद्धांतही मांडला. चढाई करणारा घ्यावा, गुणांचा पाऊस तोच पाडतो. त्याखालोखाल कोपरारक्षक, कारण पाय तो धरतो. कव्हरचा मधला गडी मात्र घेऊ नये. तो नुसता धक्के देतो नि वाट अडवतो!

हे बोलताना एक गोष्ट मी विसरलो. धाकटा भाचा गावच्या संघात कव्हरलाच खेळतो. मुंबईच्या एका संघाने त्याला चाचणीस बोलावले होते. भावोजी हळूच म्हणाले, "तुमी मुंबयत ऱ्हवतास, तुमीच सांगा. धाडूचो की नाय?"

दुसऱ्या दिवशी पावसाने उसंत दिली, तसा पोरांचा खेळ पाहायला गेलो. वही बरोबर होतीच. दोन डावांत भाच्याच्या नावापुढे एक गुण. रात्री जेवताना मी निकाल दिला, "अभ्यास बघ रे बाबा." तो काही बोलला नाही. ताटातली उसळ तेवढी तशीच राहिली.

थोरली भाची मात्र गप्प बसणारी नव्हे. "मामा, पाय कोणी धरल्यान ता तुमी लिवलास. पण तो गडी त्या कोपऱ्यात गेलोच कशाक, ता खय लिवलास?"

खरे सांगायचे तर मला राग आला. पण झोप काही येईना. पकडीचा गुण एकाच्या नावावर चढतो, हे माझ्याच वहीत होते; साखळी धरून दुसऱ्याने वाट बुजवली, त्याला रकानाच नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी मी पेन्सिलीने तो रकाना आखला आणि फक्त भाच्याकडे पाहत बसलो. चढाईची ३० सेकंदे फार लांब असतात हो! अकरा वेळा त्याने गड्याला मधून वळवले. सात वेळा कोपऱ्यावर पकड झाली. एकदा तिघेच उरले असताना त्याने अडवलेला गडी कोपऱ्याने खेचला. त्या पकडीचे दोन गुण, दोन्ही कोपऱ्याच्या नावावर!

रात्री वही भावोजींपुढे ठेवली. म्हटले, कालचे खाते चुकले होते. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाने पाहिली. भाचा ओसरीवर कंदिलाची काच पुसत होता. तो आत आला नाही.

निघताना बहिणीने पिशवीत खटखटी आणि काजूगर भरले. एस्टीत माझ्या शेजारी भाचा बसला, मांडीवर बूट. सावंतवाडी येईपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तो एक गुण कसलो लिवल्लास? तो पण माझो न्हय."