पानी आणि पाणी

डिसेंबरातली सकाळ. सहावीच्या वर्गात मोजून सात मुलं. आदल्या रात्री गावच्या मंडईत नाटक होतं. झाडीपट्टीतलं नाटक रात्री दहाच्या सुमाराला सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. त्यातून धानाची मळणीही सुरू. इटियाडोहच्या या भागात हिवाळ्यात असे दिवस येतात, शिक्षकांना त्याची सवय असते. धडा पुढे नेण्यात अर्थ नव्हता. मुलांना घेऊन अंगणात उन्हात बसलो आणि म्हटलं, रात्रीचं नाटक सांगा.

मी कामठीचा. घरची भाषा उर्दू. उर्दूत ण नाही आणि ळ नाही. बी.एड.ला सराव पाठ घेताना मी एकदा ‘पानी’ म्हणालो. मागे बसलेल्या प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर तो शब्द तीनदा म्हणायला लावला. वर्ग हसला. नंतर कितीतरी दिवस मी आरशासमोर ‘बाळाच्या डोळ्यात पाणी’ घोकत होतो. आता लोक म्हणतात, ‘सर, तुम्ही मुसलमान असून किती शुद्ध मराठी बोलता!’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तरी त्या ‘असून’पाशी मी दर वेळी अडखळतो.

जवळच गोठणगावला 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. थंडीत तिथली बरीच माणसं स्वेटर विकायला शहरांत जातात. त्यांच्या मराठीचंही लोक असंच कौतुक करतात. ती माणसं हिमालयापलीकडून आली. माझ्या आजोबा-पणजोबांच्या कबरी मात्र इथेच, विदर्भाच्या मातीत आहेत.

असो. सातांतली एक मुलगी जूनमध्ये वर्गात सगळ्यात जास्त बोलायची. मी आधी तिचं ‘पानी’ सुधारलं, मग ‘कारा’, मग ‘डोरा’. दिवाळीपर्यंत ती ‘हो जी’ आणि ‘नाही जी’वर आली. मला वाटलं, शिस्त लागली.

त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी बोलायला लागली. “शेवटी माय मरते जी. सारे रडत होते. माजे बी डोरे...” ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. “डोळे,” म्हणाली आणि गप्प झाली. नाटक तिथेच राहिलं.

साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर आयुष्यभर काम केलं. या बोलीत ण आणि ळ नाहीत, हे मी वाचलेलं होतं. म्हणजे या मुलीचं ‘पानी’ आणि माझ्या अम्मीचं ‘पानी’ एकच. हे ठाऊक असूनही मी वर्गात त्याच प्राध्यापकांच्या जागी बसलो होतो. मला परकेपण दिलं ते दुसऱ्यांनी. हिला तर तिच्याच गावात, तिच्याच शाळेत मी परकं केलं, तेही मराठीच्या नावाने.

मी मुलांना म्हटलं, “आमच्या घरीही पानीच म्हणतात. मी शिकत होतो तेव्हा मलाही चुकीचं म्हणाले होते.”

मुलं हसली. ती हसली नाही. तिने विचारलं, “मंग तुमाले मारलं का जी?”

“नाही. हसले होते.”

ती थोडा वेळ पायाजवळची माती उकरत राहिली. मग म्हणाली, “माजे बी डोरे भरले जी. बाजूची आजी त मोठ्यानं रडत होती.” आणि पुढचं नाटक तिने शेवटपर्यंत सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी फळ्यावर दोन रकाने करतो. एक घरचा शब्द, एक पुस्तकातला. परीक्षेत ण आणि ळ लागतातच, ते शिकवणं माझं काम आहे आणि मी ते सोडणार नाही. पण पहिल्या रकान्यावर आता फुली नसते. ‘पाणी’समोर मी स्वतःच ‘पानी’ लिहितो आणि शेजारी तोच शब्द उर्दूतही लिहून दाखवतो.