थंडीचं गवत
पावसाळा सरला, ओल उडाली की आमच्या माळावरचं गवत वाढायचं थांबतं. थंडीत उभं असेल तेवढीच शिल्लक. म्हणून माळाचे तीन तुकडे केलेत. एक चरून झाला की उस्मानाबादी शेळ्या दुसऱ्यात, तिसरा राखीव. कुसळी मात्र कुसळं धरण्याआधीच कापतो, नाहीतर ती शेळ्यांच्या तोंडात रुततात.

आमचा म्हातारा बैल आता औताला चालत नाही. २०१५ च्या कायद्यानंतर तो कत्तलीसाठी विकता येत नाही. लोक विचारतात, "तुम्हाला त्याची काय चिंता?" जसे आम्ही शेतकरीच नाही! राखीव तुकडा आता त्याचा. शेळ्यांचा घास तेवढा तुटतो, ईदच्या बाजारात बोकड हलके भरतात. अब्बा म्हणायचे, मुक्या जिवाचाही हिशोब द्यावा लागतो. दावं सोडून त्याला रस्त्यावर हाकलणं आम्हाला जमलेलं नाही.