गोष्टीची वजाबाकी

केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकदा मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. 'झिंबऱ्या चपटूला रोज भुलकवायचा. एके दिवशी चपटू फार कुरंबली. तिने झिंबऱ्याचे लटंबे टिंबरीत टाकले. तेव्हापासून झिंबऱ्याने तिला कधीच भुलकवले नाही.' खाली तीन प्रश्न. झिंबऱ्या कोणाला भुलकवायचा? चपटूने काय टाकले? लटंबे कशात टाकले? जमलेल्या गुरुजींनी आणि मॅडमनी हसत हसत पैकीच्या पैकी गुण मिळवले. मग चौथा प्रश्न विचारला, झिंबऱ्याने भुलकवणं का थांबवलं? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "लटंबे टिंबरीत टाकले म्हणून." मी म्हटलं, "सर, लटंबे म्हणजे?" आणि खोली हसण्यात बुडाली.

आपली भाषा यात फितूर असते. 'ला' लागलं की ते 'कोणाला'चं उत्तर, 'त' लागलं की 'कशात'चं. प्रत्यय नुसते पाहिले तरी निम्मा स्वाध्याय सुटतो, आणि मुलं हे दुसरीतच हेरतात. प्रश्नातला शब्द धड्यात हुडकायचा, ती ओळ वहीत उतरवायची. अक्षर सुवाच्य असेल तर 'छान' असा शेराही मिळतो. गोष्टीत काय झालं हे कळण्याची या सगळ्यात कुठंच गरज पडत नाही.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवते. निम्मी मुलं गावातली, निम्मी जवळच्या तांड्यावरची. बहुतेकांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. या मुलांना वाचता येत नाही अशी ओरड नेहमीची असते, पण तिसरीत येईपर्यंत त्यातली बरीच जण खडाखडा वाचतात. 'प्रथम' संस्था 2005 पासून 'असर' नावाची पाहणी करते. मुलाला अक्षर वाचता येतं की शब्द, परिच्छेद की दुसरीच्या पातळीची गोष्ट, हे त्यात घरोघरी जाऊन पाहतात. त्या पाहणीनं शाळांना आरसा दाखवला हे खरंच. पण माझा घोळ गोष्ट वाचून झाल्यावर सुरू होतो. मूल शेवटच्या पूर्णविरामावर येऊन थांबतं आणि माझ्या तोंडाकडे बघतं. आता तुम्ही विचारा, मी ओळ शोधतो.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोघांनी 1986 मध्ये एक साधं सूत्र मांडलं होतं. वाचून कळणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच. प्रशिक्षणात ऐकलेल्या बहुतेक गोष्टी चहाबरोबर गिळल्या जातात, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं, कारण माझ्या वर्गात दोन्ही प्रकारची मुलं होती. काहींची अक्षरं पक्की आणि मराठी पातळ. काहींना गोष्ट ऐकताना सगळं कळायचं, पण पुस्तक हातात दिलं की ती जोडाक्षरापाशी अडायची.

गोष्टीचे घटक शिकवायचे म्हणजे पात्रे, स्थळ, काळ, प्रसंग, समस्या, शेवट. असा तक्ता भिंतीवर लावला की वर्ग सजतो आणि मुलं तो पाठही करतात. मी तक्ता लावला नाही. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेतली. वर्गातल्या प्रत्येकाला ती येते, त्यामुळं वाचनाचं ओझं नाही. गोष्ट सांगून झाल्यावर विचारलं, "यातलं एक काहीतरी वजा करू. काय वजा केलं तर गोष्ट मोडेल?"

पहिल्यांदा लेकीला वजा केलं. म्हातारी बहिणीकडे जाईल, गोष्ट चालेल, असं बहुतेकांचं मत पडलं. एक मुलगी मात्र अडून बसली. बहिणीकडं चार दिवस राहून कोण एवढं जाडजूड होऊन येतंय? वाघाला म्हातारीनं कबूल केलंय ना, परत येताना लठ्ठ होऊन येते म्हणून? मग लेकच पाहिजे. नंतर जंगल वजा केलं. चौथीतला एक जण म्हणाला, "मग वाघ गावात येईल. गावात आला तर माणसं काठ्या घेऊन निघतेत, म्हातारीला भोपळा कामून लागंल?" आमच्याकडे बिबट्याच्या बातमीनं अख्खं गाव जागं राहतं, त्यामुळं हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. भोपळा वजा केल्यावर वर्ग शांत झाला. वाघ म्हातारीला खाणार हे उघडच होतं. मी विचारलं, "पण गोष्ट तर झाली ना?" त्यावर उत्तर आलं, "झाली, पण आमाला नको."

शेवटी वाघ, कोल्हा, अस्वल सगळेच वजा केले. म्हातारी निघाली, लेकीकडे पोचली, खाल्लंप्यायलं, परत आली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "ही गोष्ट नाही मॅडम, ही नुसतं गावाला जाणं हे."

मग मी खडू घेतला आणि त्यांनी जे आधीच शोधलं होतं त्याला फळ्यावर नावं दिली. कोण, कुठं, काय पाहिजे, काय आडवं आलं, मग काय केलं. 'समस्या' हा शब्द मी चौथीच्या दुसऱ्या सत्रापर्यंत काढतच नाही. 'काय आडवं आलं' यात सगळं येतं, आणि ते पोर घरी आजीलाही विचारू शकतं. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक वर्गात जातो तो गोष्टी सांगत. आमच्याकडे डीएडला ते पुस्तक सगळ्यांनी वाचलेलं असतं. तरी शाळेवर रुजू झालं की गोष्ट शनिवारच्या शेवटच्या तासाला ढकलली जाते, आणि त्यातही मधेच कुठली तरी माहिती तातडीनं भरायची असते.

खरी गंमत आली लाकूडतोड्याच्या गोष्टीत. कुऱ्हाड नदीत पडते, देवता सोन्याची आणि चांदीची काढून दाखवते, तो नको म्हणतो, शेवटी लोखंडी निघते आणि तिन्ही त्याला मिळतात. नेहमीचा प्रश्न, लाकूडतोड्या का रडला? नेहमीचं उत्तर, कुऱ्हाड पाण्यात पडली म्हणून. मी म्हटलं, "परवा माझा पेन हापशाच्या खड्ड्यात पडला, मी रडले का?" वर्ग थोडा चुळबुळला. मग तिसरीतली एक, जी एरवी तोंड उघडायची नाही, म्हणाली, "आमचा कोयता फडात हरपला होता. बापानं दिसभर दुसऱ्याचा मागून मागून तोडला. आई लई बोलली." आणि मग एकामागून एक सुरू झाले. कुऱ्हाड नाही तर लाकूड नाही, लाकूड नाही तर बाजार नाही, घरी पीठ नाही. पाठ्यपुस्तकाच्या कुठल्याही ओळीत पीठ नव्हतं. पण त्या रडण्यामागं पीठच होतं, आणि ते त्यांना माझ्याआधी दिसलं.

पुढचा प्रश्न, सोन्याची कुऱ्हाड त्यानं का घेतली नाही? सगळ्यांना माहीत असलेलं उत्तर 'तो प्रामाणिक होता म्हणून'. एका पोरानं हात वर केला. "सोन्याच्या कुऱ्हाडीनं लाकूड तुटतं व्हय? वाकंल की ती."

असं उत्तर आलं की शिक्षकांचे दोन गट पडतात. एक म्हणतो चूक, दुसरा म्हणतो वा वा, काय कल्पकता. मला दोन्ही पटत नाहीत. 'वा वा' म्हणणं हाही त्या उत्तराकडे दुर्लक्ष करण्याचाच प्रकार. मी त्याला म्हटलं, "कुठल्या ओळीवरून म्हणतोस, दाखव." त्यानं पुस्तक घेतलं, बोट ठेवत खाली-वर गेला. ओळ सापडेना. तेवढ्यात शेजारची म्हणाली, "त्यानं 'ही माझी नाही' म्हणलंय. 'ही चालणार नाही' असं कुठं म्हणलंय?" पोरगा गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "मग शेवटी तिन्ही कशाला घेतल्या?" "दिल्या म्हणून घेतल्या. न देता घेतल्या असत्या तर चोरी." मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. खिचडी निवत होती, स्वयंपाकीण मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या, त्याही दोन मिनिटं ऐकत राहिल्या आणि मग ओरडल्या.

त्या दिवसापासून उत्तरावर खूण करायची पद्धत वर्गात पडली. उत्तर ओळीत सापडलं तर खाली रेघ. दोन ओळींच्या मधून काढलं तर दोन्ही ओळींना जोडणारी कमान. आपल्या डोक्यातलं असेल तर समासात टिंब. टिंब वाईट नाही, पण टिंब कुठं आहे हे माहीत पाहिजे. सोन्याची कुऱ्हाड वाकते हे टिंब. 'ही माझी नाही' ही रेघ. पीठ ही कमान, कारण तो लाकडं विकून पोट भरतो हे पहिल्या परिच्छेदात आहे आणि कुऱ्हाड पडल्याचं तिसऱ्या परिच्छेदात. बहुतेक चाचण्यांमध्ये रेघेचेच प्रश्न असतात, कारण तपासायला सोपे. कमानीचे प्रश्न काढायला शिक्षकाला स्वतः गोष्ट दोनदा वाचावी लागते.

आणि तात्पर्य. तात्पर्य मी विचारतच नाही. मुलांना ते गोष्ट वाचायच्या आधीच माहीत असतं. प्रामाणिकपणा, एकी, मेहनत, गर्वाचे घर खाली, यांतलं एक काहीतरी लागू पडतंच.

एक बारीकशी गोष्ट मात्र माझा फार वेळ खाऊन गेली. गोष्ट वाचताना मुलं 'तो', 'तिने', 'त्याला' इथं हरवतात. मोठ्या माणसाला हे जाणवतही नाही. 'त्याने त्याला विचारले' यातला कोणता 'त्याने' आणि कोणता 'त्याला'? दोन मित्र आणि अस्वलाच्या गोष्टीत तर दोघेही 'तो', वर अस्वल जवळ आल्यावर आणखी घोटाळा. आता पेन्सिलीनं प्रत्येक सर्वनामाला गोल करायचा आणि त्याच्या माणसापर्यंत बाण न्यायचा. पुस्तकाचं पान कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसायला लागतं, आणि सरकारी पुस्तकं खराब केली म्हणून कुणी बोलू नये यासाठी मी झेरॉक्स काढते. बाण चुकला की गोष्ट कुठं निसटली ते बरोब्बर कळतं. दहा प्रश्न विचारून जे कळत नाही ते एका बाणात दिसतं.

तांड्यावरच्या मुलांचं वेगळंच. ती घरी गोरमाटी बोलतात. त्यांच्यातल्या एकाला मी लाकूडतोड्याची गोष्ट परत सांगायला लावली. मराठीत तीन वाक्यं झाली. लाकूडतोड्या होता. कुऱ्हाड पडली. देवीनं दिली. वर्गातली एक मोठी मुलगी त्याच्या तांड्यावरची, तिला म्हटलं, तू ऐक आणि मला सांग, आणि त्याला म्हटलं, आता गोरमाटीत सांग. तो उभा राहिला, कुऱ्हाड निसटताना हात झटकला, नदीत वाकून पाहिलं, देवीचा आवाज वेगळा काढला. मला चार-दोन शब्दच कळले, पण काय आडवं आलं आणि कसं सुटलं हे सगळं त्यात होतं. त्याला गोष्ट कळली नव्हती असं त्या तीन वाक्यांवरून कुणीही लिहून मोकळं झालं असतं. आता आधी घरच्या बोलीत सांगायचं आणि मग मराठीत, असा क्रम आहे. मराठीतली वाक्यं त्यानंतर वाढतात, आणि शब्द अडला की तो मागून घेण्याची लाजही राहत नाही.

दसरा झाला की वर्गाला गळती लागते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रक लागतात, आणि पश्चिम महाराष्ट्रापासून कर्नाटकापर्यंतच्या कारखान्यांकडे गाव निघतं. हंगामी वसतिगृह आहे, म्हणजे आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय, त्यामुळं काही मागं राहतात. पण धाकटं भावंड सांभाळायला कुणी तरी लागतं, म्हणून बहुधा तिसरी-चौथीतल्या मुलीलाच जावं लागतं. ती पाडव्याच्या आसपास परत येते तेव्हा वाचनाचा वेग उतरलेला असतो, जोडाक्षरं परत अडखळतात. ते दोन-तीन आठवड्यांत भरून निघतं. पण 'काय आडवं आलं' हे विचारायचं ती विसरलेली नसते. अशा मुलींना मी पहिल्याच आठवड्यात वाचायला देत नाही, सांगायला लावते, आणि त्यांची गोष्ट मोठ्या कागदावर उतरवून तीच वाचायला देते. स्वतःचं वाक्य वाचताना अक्षरं लवकर वठणीवर येतात.

गेल्या उन्हाळ्यात अशीच एकीनं सांगितली. त्यांची बैलगाडी होती. रात्री फडाजवळून बैल सुटला. आई, बाप, चुलता बॅटरी घेऊन रात्रभर उसात हिंडले. कुणी म्हणालं चोरला, कुणी म्हणालं विहिरीत पडला. पहाटे बघतात तर बैल कारखान्याच्या गेटवर, गाड्यांच्या रांगेत, आपल्या नंबरला उभा.

कागद भिंतीवर लावला आणि मुलांनी पेन्सिली काढल्या. कोण, कुठं, काय पाहिजे, हे पटापट झालं. आडवं काय आलं याच्यावर गाडी अडली. बैल हरवला, असं निम्मा वर्ग म्हणाला. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, बैल हरवलाच नव्हता, तो बरोबर जागेवर होता. मग गोष्ट कुणाची, बापाची की बैलाची? बापाची असेल तर अडचण आहे. बैलाची असेल तर अडचणच नाही, म्हणजे मग गोष्टच नाही, नुसतं कामाला जाणं. कुणी तरी मला निकाल द्यायला सांगितलं. मी गोष्ट सांगणारीकडे बोट दाखवलं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "अडचण होती की बैलाला. त्याला वाटलं, आमीच हरपलोय."