तपकिरी रंग

मराठी शिकवणाऱ्या माणसाला रंगांची नावे पुष्कळ ठाऊक असतात. रंग मात्र त्याला दुसऱ्याने दाखवावे लागतात. तपकिरी म्हणजे नाकात ओढायच्या तपकिरीचा रंग. तपकीर ओढणारे आजोबा घराघरांतून गेले, रंगाचे नाव तेवढे मागे राहिले, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. पण या रंगावर कुणाचे भवितव्य अवलंबून असते, हे मी गेल्या उन्हाळ्यात आमच्या वसमतच्या एका गॅरेजात पाहिले.

मावशीच्या वाड्यामागे 1958 सालची एक फार्गो उभी असते. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची, सहा सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी. जमशेदपुराहून 1954 पासून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक निघू लागले आणि पेट्रोलच्या ट्रकांचे दिवस भरत आले. तरी काकांच्या वडिलांनी ही घेतली आणि काकांनी ती सोडली नाही. हिच्यातून वसमतची हळद सांगलीच्या पेठेपर्यंत गेलेली आहे. काका गेल्यावर मात्र ती मिसिंग मारू लागली, निळा धूर सोडू लागली. एका मोठ्या शहरातल्या कारागिराने 'इंजिन संपले' असा निकाल दिला. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला. मावसभावाला ट्रॅक्टरसाठी जागा हवीच होती. मावशी एवढेच म्हणाली, "विकायची तर विका रे, पण मेली आहे की निजली आहे, तेवढं बघून विका."

म्हणून चाचांकडे गेलो. चाचा सत्तरीचे. त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही. आधी गाडी नांदेड रस्त्यावर चांगली दोन कोस पळवायला लावली आणि पळती असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करवले. "उभ्या गाडीचा प्लग खोटं बोलतो, सर. नुसतं घुरघुरत ठेवलं की सगळेच काळे होतात." मग एकेक प्लग काढून त्यांनी पाटीवर क्रमाने मांडला. हा क्रम चुकला तर सगळे मुसळ केरात!

प्लगच्या टोकाशी पांढऱ्या चिनी मातीचे एक नाक असते. ते साधारण साडेचारशे अंशांच्या वर तापले की स्वतःवरची काजळी स्वतःच जाळून टाकते. साडेआठशेच्या पुढे गेले तर ठिणगीची वाट न पाहता पेट्रोलच पेटवू लागते. या दोन टोकांच्या मधला संसार सुरळीत चालला, तर नाकावर तपकिरी छटा येते. कोरडी, भुसभुशीत काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. कंदिलाची वात वर चढवली की काच काळी होते ना, तसेच. काळे पण ओले आणि मेणचट असेल तर ऑइल वर येते आहे. आणि खडूसारखे पांढरे असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन भाजते आहे, किंवा टायमिंग पुढे गेले आहे.

पाटीवर पाच प्लग पांढुरके होते आणि चौथा मेणचट काळा. "पाचांचं दुखणं एकच, म्हणजे ते सगळ्यांच्या वरचं, कार्बोरेटरचं. चौथ्याचं त्याचं त्याला." याहून स्वच्छ तर्कशास्त्र मी कॉलेजात ऐकलेले नाही.

पांढऱ्याचे कारण तर गमतीचे निघाले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. जुन्या कार्बोरेटरला हे कोण सांगणार? तो 1958 च्या हिशेबानेच हवा ओढतो आणि मिश्रण पातळ पडते. म्हणजे आमच्या मराठवाड्यातला ऊसच, जिने एवढी हळद वाहिली, तिला भाजत होता! शिवाय फेब्रुवारी 2000 पासून देशभर पेट्रोलमधले शिसे गेले. ते प्लगवर राखाडी-तपकिरी थर ठेवून जाई. आताचा रंग फार फिका. चाचा भिंग घेऊन नाकाच्या पार मुळाशी बघतात.

चौथ्याची परीक्षा अशी : कोरा प्लग लावून पुन्हा फेरी मारली. तोही मेणचट झाला. म्हणजे दोष सिलिंडरचा. मग प्लगच्या भोकातून दोन चमचे ऑइल सोडून दाब मोजला. आधी पडलेला काटा वर चढला. "रिंगा धरून बसल्यात, बसून बसून. बाकी पाच घरं शाबूत आहेत. इंजिन संपलं कुणी म्हटलं?"

पुढचे काम आठवड्याभराचे. मोठा जेट आणि चौथ्याच्या नव्या रिंगा. बिल पाहून मावसभाऊ काही बोलला नाही. भंगारवाल्याचा फोनही त्याने उचलला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा प्लग काढले. पाचांच्या मुळाशी हलकी तपकिरी कड दिसत होती. मावशी चष्मा पुसून बराच वेळ पाहत होती. "हा एक अजून सावळाच दिसतो की रे," ती म्हणाली.

"चालतंय, आपा," चाचा म्हणाले, "नव्या रिंगांना बसायला वेळ लागतो. अजून पाचशे किलोमीटर पळवा."

ट्रॅक्टरची शेड आता चिंचेच्या पलीकडे घातली आहे.