गव्हाचं बर्बन, टेक्सासचं ऊन

गव्हाच्या बर्बनचा ग्लास हातात आला की त्यात गहू शोधत बसू नये. नवखे चाखणारे नेमकं तेच करतात. भिजवलेल्या कणकेचा, ताज्या पावाचा वास येतो का ते बघतात आणि आला नाही की थेट बाटलीवर शंका घेतात. पण गहू तिथे स्वतःचा वास मिरवायला आलेला नसतो. तो राय नावाच्या धान्याच्या जागी आलेला असतो. राय नसल्यामुळे जी जागा मोकळी होते तिथे मका आणि ओक ऐसपैस पसरतात, आणि गुण द्यायचे ते त्या पसरण्याला.

बर्बन या अमेरिकन व्हिस्कीचा कायदा सरळ आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका, ओकचं नवंकोरं, आतून जाळलेलं पिंप, पिंपात भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांच्या वर नाही, बाटलीत ४० च्या खाली नाही, आणि वरून रंग किंवा स्वाद घालायचा नाही. मक्याच्या जोडीला दुसरं धान्य कोणतं, याबद्दल कायदा काही बोलत नाही. बहुतेक ठिकाणी तिथे राय असते. गव्हाच्याच कुळातलं, थंडीला न जुमानणारं हे धान्य दारूला मिरीकडे झुकणारा तिखटपणा देतं. गहू घालणारी घराणी मोजकीच. केंटकीतल्या लुईव्हिलजवळची स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी १९३५ मध्ये सुरू झाली आणि तिने हा प्रकार नावारूपाला आणला. पुढे लोरेटोच्या मेकर्स मार्कने तो घरोघरी पोचवला.

मेकर्स मार्कची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. थोरले बिल सॅम्युअल्स यांना धान्याचं नवं प्रमाण ठरवायचं होतं. प्रत्येक मिश्रण गाळून, पिंपात मुरवून बघायचं तर वर्षानुवर्षं गेली असती, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या धान्यांचे पाव भाजून चाखले आणि गहू पसंत केला. मला ही गोष्ट मनापासून आवडते, पण चाखणाऱ्याने तिच्यावर फार विसंबू नये असं माझं मत आहे. पावात सगळं धान्य आपल्या तोंडात येतं. दारूत धान्य भट्टीतच मागे राहतं, पुढे जाते ती वाफ, आणि वाफेबरोबर साखर येत नाही. मग गव्हाच्या बर्बनला लोक गोड म्हणतात ते कशामुळे? मुख्यतः जाळलेल्या ओकमुळे. लाकूड तापलं की त्यातून व्हॅनिलिन सुटतं, करपत आलेल्या साखरेचा वास सुटतो, आणि नाकाला गोड लागलं की जीभही गोड म्हणते. रायचा तिखटपणा आड येत नाही, एवढंच गव्हाचं काम. आणि ते काम लहान नाही.

अशा दारूत लाकडाला लपायला जागा नसते, आणि म्हणूनच मला केंटकीबाहेरचं गव्हाचं बर्बन चाखायला जास्त आवडतं. टेक्सासातल्या ऑस्टिनहून २९० नंबरच्या महामार्गाने पश्चिमेला तासाभरावर हाय नावाचं एवढंसं गाव आहे. तिथलं जुनं पोस्ट ऑफिस इतिहासात गेलंय. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं बालपण याच टापूतलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी आपल्या पोस्टमास्टर जनरलचा शपथविधी या पोस्टाच्या ओसरीवर केला. त्याच गावात गॅरिसन ब्रदर्सची डिस्टिलरी आहे. त्यांच्या मिश्रणात ७४ टक्के पांढरा मका, १५ टक्के गहू, ११ टक्के जवाचा माल्ट. त्यांची ‘स्मॉल बॅच’ बाटली ४७ टक्के अल्कोहोलची.

तिथला उन्हाळा मात्र केंटकीचा नव्हे. तापमान चढलं की पिंपातली दारू फुगते आणि फळ्यांच्या आत शिरते. रात्री गारवा आला की लाकडाचं सत्त्व घेऊन मागे फिरते. टेक्सासच्या डोंगराळ भागात ही ये-जा फार जोरात चालते. केंटकीत वर्षाला साधारण चार टक्के दारू पिंपातून उडून जाते. टेक्सासात त्याच्या दुप्पट-तिप्पट जाऊ शकते. गोव्यात पॉल जॉनची माल्ट व्हिस्की थोड्या वर्षांत एवढी भरीव होते त्यामागेही हीच उष्णता आहे, फक्त तिथे हवा दमट. त्यामुळे लेबलावरच्या वर्षांचा आकडा बघून स्कॉटलंडच्या हिशेबाने दारू कोवळी ठरवणं हा मला सरळ अन्याय वाटतो.

चाखताना मी ट्युलिपच्या आकाराचा लहान ग्लास घेतो. दारू दोन-तीन चमचे, त्याहून जास्त नाही. ओतल्यावर थोडा वेळ तसाच ठेवतो, म्हणजे पहिला झोंबरा वास निघून जातो. मग ग्लास हनुवटीपाशी धरून सावकाश वर आणायचा, आणि तोंड किंचित उघडं ठेवायचं. तोंड मिटून जोरात हुंगलं तर अल्कोहोल नाक बधिर करतं आणि पुढचा सगळा खटाटोप वाया जातो. स्मॉल बॅचमध्ये सगळ्यात आधी येते काकवी, दाट आणि गडद. तिच्यामागून कणीस निखाऱ्यावर टाकल्यावर सालाचा जो वास उठतो तो, मग खारीक, आणि अगदी कडेला लवंग.

या लवंगेवरून स्पर्धांमध्ये पंचांचे वाद होतात. कोणीतरी हमखास म्हणतं, मसाला लागतोय, म्हणजे राय असणार. तसं नाही. लवंगेचा वास ज्या युजेनॉलचा असतो तेच युजेनॉल ओकमध्येही असतं. गव्हाच्या बर्बनमधली लवंग लाकडाची, आणि ती नाकात मिरीसारखी पुढे घुसत नाही, मागे राहते. हा फरक ओळखता आला की निम्मं काम झालं.

पहिला घोट फक्त तोंड भिजवायला. त्याच्यावर काही लिहायचं नाही. दुसरा जिभेवर धरून ठेवला की मका कळतो: तेलकट, जाडसर, जिभेच्या मधोमध बसणारा. गिळल्यावर काही क्षणांनी वरच्या हिरडीवर कात चोळल्यासारखा तुरटपणा येतो. तो टेक्सासच्या उन्हाचा. इथे मी पाण्याचे थेंब घालतो, एकेक करून. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावरच्या गणिताने दाखवलं की पाणी घातल्यावर व्हिस्कीतले काही सुगंधी रेणू पृष्ठभागाकडे सरकतात. माझ्या नाकाला त्याचा प्रत्यय रोज येतो. या बर्बनमध्ये पाण्याने तुरटपणा मागे हटतो आणि पांढऱ्या मक्याची मऊ, दुधाळ बाजू वर येते. ती इतकी सुरेख आहे की पाण्याशिवाय तिला गुण देणं मला पटत नाही.

गुण मी शंभरांत देतो. वास, चव, मागे रेंगाळणारी चव आणि तोल, प्रत्येकी २५. यातला तोल सगळ्यात अवघड, कारण तो कशाशी ताडून बघायचा? पुष्कळ जण मनातल्या मनात शेजारी केंटकीचं एखादं वेलर, म्हणजे तिथलं नावाजलेलं गव्हाचं बर्बन, ठेवतात, आणि जे जितकं त्याच्या जवळ जाईल तितके जास्त गुण. मला हे अजिबात मान्य नाही. केंटकीचा गहू आणि केंटकीचा उन्हाळा जिथे नाही, तिथे केंटकीची नक्कल कशाला मागायची? मी एवढंच बघतो की मका आणि ओक दोघंही शेवटपर्यंत वेगवेगळे ओळखू येतात का. एकाने दुसऱ्याला गिळलं की तोल गेला.

स्मॉल बॅचमध्ये दोघंही शेवटपर्यंत हजर असतात. वासाला मी २३ दिले, चवीला २३, तोलाला २२. रेंगाळणाऱ्या चवीला २०, कारण माझ्या जिभेला तुरटपणा थोडा कमी हवा असतो. ज्याला कडक कोरा चहा आवडतो तो तिथे सहज २३ देईल आणि त्याचंही बरोबरच असेल. एकूण ८८. वहीत आकड्याच्या शेजारी मी पाणी किती घातलं तेही लिहून ठेवतो, नाहीतर पुढे कोणी तीच बाटली उघडून माझ्या आकड्याशी ताडून बघायची म्हटली तर त्याला काहीच हाती लागणार नाही.